लिंबांच्या वळणावरची पंक्चरं

ॲडलेड, मंगळवार, दुपारची सुट्टी

प्रिय बर्नार्डदादास,

धाकट्या लिंडसेचा नमस्कार. तुझी तब्येत, कोरलीवहिनींचा रक्तदाब, समुद्राकडच्या खिडकीची गळती आणि तुझा तो उजवा गुडघा, सगळं क्रमाने ठीक असेल अशी आशा आहे. (गुडघ्याची चौकशी मुद्दाम शेवटी केली आहे.) इकडे आम्ही दोघं मजेत आहोत, म्हणजे जिनेट मजेत आहे आणि मी तिच्याबरोबर राहतो. फोन न करता पत्र लिहितोय, कारण फोनवर तू "बरंय, बरंय" एवढंच म्हणून वहिनींच्या हातात देतोस, आणि माझं काम वहिनींकडे नाही. काम तरी कसलं, टायरांबद्दल तुझं मत हवंय, बस.

येत्या शनिवारच्या आत मला सायकलचे टायर ठरवायचे आहेत. नाही ठरवले तर शनिवारच्या टोळीतून माझं नाव गेल्यात जमा आहे. रोझाल्बाने तसं तोंडावर सांगितलं. (रोझाल्बा तुला आठवत असेल, भाजीमळेवाल्या इयानिएलोंची मधली. तू होतास तेव्हा ती टोळीच्या शेपटाला असायची. तू गेलास आणि दोन वर्षांत टोळी तिच्या मागून चालायला लागली.) सव्वीस वर्षं झाली, दादा. पहिल्या दिवशी तूच मला पहाटे अंथरुणातून ओढून नेलं होतंस, आणि मी रडकुंडीला येऊन परत जातो म्हणालो तेव्हा तू मागेही न पाहता निघून गेला होतास. तेव्हापासून एक शनिवार चुकला असेल तर लग्नाचा, आणि तोही अर्धाच. आता एकोणसाठाव्या वर्षी मला टोळीतून काढलं तर शनिवारी सकाळी मी करू काय? जिनेट म्हणते, गुलाब छाटा. मी गुलाबांकडे पाहिलं. त्यांनाही ते पसंत दिसलं नाही.

अडचण अशी की सायकल एक आणि संसार दोन. सोमवार ते शुक्रवार नदीकाठच्या वाटेने चौदा किलोमीटर कामावर जायचं, दिवसभर पाण्याचे नमुने तपासायचे आणि चौदा किलोमीटर परत. मार्चमध्ये ती वाट कशी असते तुला सांगायला नको. गवत वाळलेलं आणि सराटे रस्ताभर, जणू कुणी मूठमूठ पेरून गेलंय. आणि शनिवारी मात्र तीच सायकल घेऊन नॉर्टन समिटचा चढ चढायचा, तोही रोझाल्बाच्या मागे. दुसरी सायकल घ्यावी तर जिनेटचा कायदा आहे की शेडमध्ये दोनच सायकली राहतील. एका खुंटीवर माझी आणि दुसरीवर तुझी, तू "जरा राहू दे" म्हणून टांगून गेलास ती. (तिच्यावर कोळ्यांनी वस्ती केली आहे. आत्ता हे लिहितानाच उठून पाहून आलो असतो, पण मी ऑफिसात आहे.)

तर मी लेफ्तेरिसच्या दुकानात गेलो. त्याने नेहमीसारखं आधी माझ्या पोटाकडे पाहिलं, मग सायकलकडे, आणि मग सोयरीक जुळवायला बसल्यासारखे प्रश्न सुरू केले. रोज किती जाणं-येणं? रस्ता कसा? शनिवारी कुणाबरोबर? वजन किती, आणि खरं किती? मी सगळं सांगितलं. तो म्हणाला, "म्हणजे पाच दिवस तुला गाढव पाहिजे आणि एक दिवस शर्यतीचा घोडा. मग सरळ खेचर घेऊन जा ना." खेचर म्हणजे बत्तीस मिलीमीटरचे रुंद, मऊ टायर. मला रागच आला. तू आणि मी तेवीसवाली माणसं, दादा. बोटाएवढा टायर, आणि टिचकी मारली की वाजला पाहिजे इतकी त्यात हवा. बत्तीसचे टायर पोस्टमन वापरतात. लेफ्तेरिस म्हणाला की आता जगभर उलटं सिद्ध झालंय, रुंद टायर हळू नसतो, तो खड्डे गिळतो म्हणून माणूस दमत नाही. मी म्हटलं, मी दमत नाहीच आहे. तो म्हणाला, "मी कुठे म्हणालो तू दमतोस?" आणि उगाचच काउंटर पुसायला लागला.

आता मूळ रामायण. जानेवारीपासून मला चढावर पंक्चरं व्हायला लागली. सपाटीवर नाही, उतारावर नाही, चढावरच, आणि तेही त्या लिंबांच्या वळणावर. (तिथल्या त्या बाईने अजूनही फाटकाशी लिंबांची टोपली आणि पैशांचा डबा ठेवलेला असतो, आणि डब्यावर अजूनही "मी बघतेय" अशी पाटी आहे.) टोळीचा नियम तुझाच. कुणाचं पंक्चर झालं तर सगळ्यांनी थांबायचं. पण कुणी दमला तर कुणीही थांबायचं नाही, घरचा रस्ता ज्याचा त्याला ठाऊक असतो. तर पहिल्या वेळी सगळे थांबले. दहाबारा मिनिटं सावलीत बसायला मिळालं, रोझाल्बाने पाठीच्या खिशातून तिच्या परसातले अंजीर काढले, एक मलाही दिलं. दुसऱ्या वेळीही थांबले. तिसऱ्या वेळी थांबले, पण अंजीर निघाले नाहीत. चौथ्या वेळी एकजण म्हणाला की या माणसापेक्षा आपण त्या लिंबांनाच टोळीत घेऊ.

म्हणून लाजेकाजेस्तव मी चिलखती टायर बसवले. आत जाड पट्टा असतो, काटा आतपर्यंत पोचतच नाही. सोमवार ते शुक्रवार मी राजासारखा कामावर गेलो. सराटे दिसले की मुद्दाम त्यांच्यावरून जायचो, मागे वळून त्यांच्याकडे बघायचो. एकदा फुटकी बाटली पाहून परत फिरून दुसऱ्यांदा वरून गेलो. (एका बदकाच्या कुटुंबाने हे सगळं पाहिलं आहे.) पण शनिवारी चढ लागला आणि ते टायर असे जड झाले की वाटलं मागे कुणी जातं बांधलंय. वळणावर पोचलो तेव्हा टोळी दिसेना. पंक्चर नव्हतं, तेव्हा थांबणार कोण? वर कॉफीच्या दुकानात गेलो तर सगळे पिऊन निघून गेलेले, आणि टेबलावर माझा क्रीम भरलेला किचनर बन कागदी रुमालाखाली झाकून ठेवलेला. दादा, तो बन मी एकट्याने खाल्ला. क्रीम वितळून गेलं होतं. त्या बनाचं मला इतकं वाईट वाटलं की घरी येऊन जिनेटवर विनाकारण ओरडलो आणि मग तिची माफी मागितली.

सोमवारी ते टायर घेऊन लेफ्तेरिसकडे. तो म्हणाला, काय बिघडलं? आणि माझ्या तोंडून निघून गेलं, "अरे, पंक्चरच होत नाहीत." दुकानात आणखी दोन गिऱ्हाइकं होती. दोघांनीही माझ्याकडे वळून पाहिलं. लेफ्तेरिसने टायर हातात घेतला, उलटा केला, सुलटा केला आणि म्हणाला की तीस वर्षांच्या धंद्यात ही तक्रार नवीन आहे. मी घाईने जडपणाचं सांगितलं, पण तोवर व्हायचं ते होऊन गेलं होतं.

मग त्याने बिनट्यूबचे टायर दिले. त्यांत ट्यूबऐवजी पांढरा चीक भरतात. भोक पडलं की तो चीक तिथे जाऊन वाळतो आणि भोक बुजतं. बसवून देतो म्हणाला, पण मला घाई. मागच्या अंगणात मीच बसवायला घेतले. एका दमात हवा मारावी लागते, तशी मारली, आणि टायर रिमवरून सुटून सगळा चीक कारंज्यासारखा वर गेला. वर जिनेटचा काळा स्कर्ट वाळत होता, गायनमंडळाचा, त्याच संध्याकाळचा. ती बाहेर आली, स्कर्टकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाली, "लिंडसे, तुझ्या भिवया पुस. मग आपण बोलू." नंतर बोललो नाहीच. ती ठिपक्यांचा स्कर्ट घालून पहिल्या रांगेत उभी राहिली आणि मी शेवटच्या रांगेत बसलो.

आणि एवढं करून गेल्या शनिवारी लिंबांच्या वळणावर पुन्हा हवा गेली! सगळे थांबले, उसासे टाकत. रोझाल्बा आली, चाक फिरवून पाहिलं. काटा नाही, काच नाही, चीक कुठून झिरपलेला नाही. मग तिने माझ्या उजव्या हाताकडे पाहिलं. अंगठ्यावर दोन पांढरे ठिपके होते. तिने चाक खाली ठेवलं. मग हळूच म्हणाली, "लिंडसे, चढावरच उगवणारे काटे मी मळ्यात जन्म काढून पाहिले नाहीत रे. पुढच्या शनिवारी धड टायर घालून ये. आणि पुन्हा हवा गेली तर चाक मी स्वतः उघडणार, सगळ्यांसमोर."

म्हणून विचारतो. तेवीसचा हट्ट सोडला; आता पंचवीस की बत्तीस? पंचविसात चढ थोडा हलका जाईल, पण नदीकाठी सराटे मला खातील. बत्तिसात कामावर सुखाने जाईन, पण टोळीत पोस्टमन म्हणून मिरवावं लागेल. परवा मी लेफ्तेरिसकडून नुसते बघायला आणलेले दोन्ही टायर शेडमधल्या बाकावर शेजारी शेजारी ठेवले आणि दर पंधरा मिनिटांनी जाऊन बघत होतो. जिनेट म्हणाली, अंडी घातलीत का त्यांनी? तुझं मत कळव. वहिनींना नमस्कार, खिडकीला मेण लाव, थंडी सुरू व्हायच्या आत.

तुझा धाकटा,
लिंडसे

ता. क. आज बुधवार. वरचं पत्र बंद करून पाकिटावर तिकीटही लावलं होतं. पुन्हा उघडलं. दादा, पाचांपैकी खरं पंक्चर एकच, पहिलं. स्क्रू घुसला होता. त्या दहा मिनिटांत माझा श्वास जाग्यावर आला, पाय पुन्हा माझे झाले आणि पुढचा चढ मी टोळीबरोबर चढलो. पुढच्या शनिवारी वळणाच्या अलीकडे छाती फुटायला आली, आणि काय करतोय हे कळायच्या आत मी मागच्या मागे उतरून, वाकून व्हॉल्व्ह दाबून हवा सोडली होती. नंतर सवय झाली. बिनट्यूबच्या टायरात व्हॉल्व्ह दाबला की चीक उडतो, हे मला कुणी सांगितलं नव्हतं.

ता. क. २. आता गुडघा. टोळीतल्या तुझ्या शेवटच्या वर्षात तुला सात पंक्चरं झाली होती. मला आकडा आठवतो, कारण सातही वेळा ट्यूब मीच काढली. सातही वेळा लिंबांच्या वळणावर. कानाशी धरून ऐकली, त्या बाईच्या नळाखाली बुडवून पाहिली, एकदाही बुडबुडा आला नाही. आणि मी सगळ्यांसमोर म्हणालो होतो, "दादा, चिकटपणा सोड आणि धड टायर घे एकदाचे." सगळे हसले. तूही हसलास. पुढच्या शनिवारी तू गुडघ्याचं सांगून सायकल माझ्या खुंटीला टांगलीस आणि वर्षभरात घर विकून समुद्राकडे गेलास. गेल्या शनिवारी अंगठा व्हॉल्व्हवर असताना मला ते सगळं एकदम आठवलं आणि चढ वगैरे बाजूलाच राहिला. वहिनी जिनेटला सांगत होत्या की तू शिडीवर चढून पन्हाळी साफ करतोस. शिडीवर चढणारा गुडघा वाईट नसतो. मी मूर्ख होतो, दादा. मला माफ कर.

ता. क. ३. टायर मी कालच घेतले. बत्तीसचे, दोन जोड. लेफ्तेरिसने मोजून पाहिलं, तुझ्या जुन्या सायकलीला नीट बसतात; कोळी काढले, साखळीला तेल दिलं. शनिवारी रोझाल्बाला भेटून खरं काय ते सांगणार आहे, मग ती काय करायचं ते करो. रविवारी सकाळी नऊ वाजता चढाच्या पायथ्याशी तू ये, तुझी सायकल मी आणतो. आपण दोघंच. नियम एकच ठेवू: जो दमेल त्याने तसं म्हणायचं, आणि दोघांनी थांबायचं. लिंबं मी घेईन.

ता. क. ४. उत्तर लिहू नकोस. तू गुडघ्याचं लिहिशील आणि मला ते खरं मानावं लागेल. सरळ ये.