दोन बोटं माया

१९ मार्च, दुपार

प्रिय बटण,

खुशाल असशील. आम्ही दोघीही खुशाल आहोत, म्हणजे मी गुडघा सोडून आणि आई आठवण सोडून. नवीन वर्षाचं तुझं कार्ड मिळालं. दरवर्षीसारखंच, आत एक ओळ आणि मागे पत्ता. मी उत्तर पाठवलं नाही, तेही दरवर्षीसारखंच.

तुला अजून बटण म्हटलेलं चालतं का, माहीत नाही. तिसऱ्या वर्षी गिऱ्हाइकाच्या कोटाचं बटण गिळून तू हे नाव कमावलंस. आईने दोन दिवस वाट पाहून ते परत मिळवलं आणि धुऊन त्याच कोटाला लावलं. त्या गृहस्थांनी तो कोट पुढे बारा वर्षं वापरला. आपल्या दुकानातलं हे एकच गुपित मी कधी फोडलं नाही.

शाळेत 'पत्रास कारण की' असं लिहायला शिकवायचे. कारण आहे. ते नऊ वर्षांपूर्वीच्या त्या फोनबद्दल आहे, आणि ते लिहायला मला धीर गोळा करावा लागणार आहे. तोवर तुला बेटाची गोष्ट सांगते. मागच्या रविवारी मी आईला घेऊन बागेच्या बेटावर जाऊन आले.

त्याआधी आईचं सांगायला हवं. दोन वर्षं झाली. आधी ती मशीनमध्ये खालच्या दोऱ्याची बॉबिन घालायला विसरायची आणि नुसतीच सुई चालवत बसायची. मग गिऱ्हाइकांचे चेहरे गेले, मग वार. डॉक्टर म्हणतात, हे असंच हळूहळू जाणार. हात मात्र काही विसरलेले नाहीत. आता ती माणसं कापडावरून ओळखते. आठवड्यातून एकदा नर्स येते, तिला आई 'पॉलिस्टर' म्हणते, तोंडावर. मला ती ताई म्हणून ओळखते, कारण माझ्या गळ्यात दिवसभर मापाची टेप असते. आंघोळीहून आले की क्षणभर मी कोणीच नसते.

बस थांब्यावर बेटाचं एक पोस्टर लागलं होतं. निळं पाणी, मध्ये हिरवा ढीग, खाली लिहिलेलं: गाइडसह एक दिवसाची सहल. दवाखान्यात जाताना आई ते दर वेळी मोठ्याने वाचायची आणि दर वेळी नव्याने विचारायची, "आपण तिघी कधी जायचं?" मी म्हणायचे, जाऊ. शेवटी दोन जागा सांगून आले.

सकाळी धक्क्यावर इतकं धुकं होतं की बोट आवाजावरूनच शोधावी लागली. गरम कपडे आणा असं त्यांनी सांगितलं होतं. माझ्या कोटाची बाही महिनाभर उसवून पडली आहे. आपल्या घरचा कायदा तुला माहीत आहे, गिऱ्हाइकाचं आधी आणि घरचं जमेल तेव्हा. म्हणून निघताना ट्रायल रूमच्या दारामागचा तुझा कोट ओढून घेतला. तोच, गडद हिरवा, तू सतरा वर्षांची असताना आईने शिवलेला. नऊ वर्षं तो त्याच खुंटीवर आहे. आई धूळ झटकते आणि परत लावते, दुसरीकडे ठेवू देत नाही. मला तो खांद्यात जरा घट्ट होतो. टेप घरीच राहिली.

हे मी त्या वेळी अगदी सहज केलं. कसली तरी सुरुवात होते आहे असं मुळीच वाटलं नाही.

आमची गाइड म्हणजे एक निवृत्त शाळामास्तरीण. हातात मिटलेली पिवळी छत्री, तिचं टोक प्रत्येकाकडे रोखून तिने आम्हाला मोजलं. एकतीस. "मोजून नेते आणि मोजून आणते," ती म्हणाली. "आजवर माझं कोणी बेटावर राहिलेलं नाही." सगळे शहाण्या मुलांसारखे रांगेत चढलो.

बोट निघाली ते कळलंच नाही. आपण जागच्या जागी आणि किनाराच मागे सरकतोय असं वाटत होतं. पाण्याला रंग नव्हता. आई माझ्या शेजारी बसली होती, तिने माझ्या बाहीचं टोक चिमटीत धरलं आणि पूर्ण वाटभर सोडलं नाही. गिऱ्हाईक दारात उभं असलं की ती कापड अशीच चाचपायची. बेट दिसायच्या आधी त्याचा वास आला, ओल्या मातीचा आणि कसल्याशा गोड फुलांचा. मग धुक्यातून एकदम झाडंच वर आली.

गाइडबाई सांगत होत्या की इथलं एकही झाड इथलं नाही. फार पूर्वी एका जहाजाच्या कप्तानाने प्रत्येक सफरीहून एकेक रोप आणून लावलं, कारण त्याच्या बायकोला बोट लागायची आणि ती कुठेच जाऊ शकत नसे. खरं असेल, नसेलही. पण त्या वाटांवरून चालताना सगळं खरं वाटतं. छत्रीएवढी पानं, त्यांच्या टोकांवरून थेंब सावकाश गळताहेत, आणि कोणीही मोठ्याने बोलत नाही. तळ्याकाठी एक बगळा होता, तो आम्ही जाईस्तोवर हलला नाही.

गाइडबाई झाडांची लांबलचक नावं सांगायच्या आणि आई त्यांच्यामागे आपली नावं लावत चालली होती. एक रुंद पान उलटसुलट करून म्हणाली, "हे सॅटिन. उलट बाजूने मांजरपाट." पांढऱ्या फुलांना म्हणाली, "ऑर्गंडी आहे, इस्त्री जपून." एका खोडाला हात लावून तिने तोंड वाकडं केलं, "हे आटणार." तासाभरात निम्मी माणसं गाइडबाईंना सोडून आईच्या मागे लागली. एक जाडजूड गृहस्थ तर प्रत्येक झाडापाशी थांबून विचारत होते, "आजी, हे कुठलं कापड?" गाइडबाईंनीही शेवटी छत्री काखेत मारली आणि ऐकत उभ्या राहिल्या. बटण, किती दिवसांनी आई दुकानात होती, आणि दुकान एवढं मोठं होतं.

जेवणाच्या सुट्टीत आम्ही दोघी नेच्यांच्या काचघरामागे एका बाकावर बसलो. समोर भिंत, भिंतीवर वेल, पलीकडे समुद्राचा आवाज. उकडलेलं अंडं सोलून मी तिच्या हातात दिलं. तिने ते बाजूला ठेवलं, कोटाचा काठ हातात घेऊन उलटवला आणि अस्तराखाली दोन बोटं घालून शिवणीच्या आत दुमडलेलं जादा कापड मोजलं.

"दोन बोटं माया ठेवली होती मी," ती म्हणाली. "तुला वाढायला. अजून तशीच आहे. कधी उसवून घेतलीच नाहीस."

मी तिच्याकडे पाहिलं. ती माझ्याकडे पाहत नव्हती, कोटाकडे पाहत होती. माझ्या लक्षात आलं की सकाळपासून ती माझ्याबरोबर नव्हतीच. ती तुझ्याबरोबर सहलीला आली होती.

"आई, मी ताई आहे," असं म्हणायचं होतं. ओठांवर आलं होतं. तेवढ्यात तिने विचारलं, "एवढी वर्षं आली का नाहीस गं?"

आता लिहितेच.

तू गेलीस तेव्हा युनिफॉर्मचा हंगाम होता. दोनशे युनिफॉर्म कापून पडले होते. बाबा जाऊन वर्षही झालं नव्हतं, आणि तू नाटकाचे कपडे शिवायला त्या फिरत्या मंडळींबरोबर निघून गेलीस. तुझं चुकलं की बरोबर होतं, ते आता राहू दे. तीन आठवडे आई आणि मी सकाळपासून दिवे लागेपर्यंत मशीनवर होतो. माझ्या बोटांना सुया लागून लागून अंगठीही चढेना. आई तुझ्याबद्दल अवाक्षर बोलली नाही. अशा एका दुपारी तुझा फोन आला. तू विचारलंस, "आई काय म्हणते? येऊ का भेटायला?"

मी म्हणाले, "आई म्हणते, येऊ नकोस."

आई काहीच म्हणाली नव्हती. मी तिला विचारलंसुद्धा नव्हतं. विचारलं असतं तर ती हातातलं काम टाकून 'ये' म्हणाली असती, आणि ते मला सहन झालं नसतं. राबायचं मी आणि ओवाळून घ्यायचं तू, असं मला वाटलं. मला वाटलं, महिनाभर झुरू दे हिला, मग सांगू. महिन्याचे सहा झाले. मग सांगायची लाज वाटायला लागली, आणि लाजेवर वर्षं चढत गेली. तू माझ्यावर विश्वास ठेवलास, कारण मी तुझ्याशी कधी खोटं बोलले नव्हते. हेच मला सगळ्यात जास्त टोचतं.

तर बाकावर बसून, तुझा कोट घालून, मी तुझ्या वतीने खरं बोलले. म्हणाले, "ताईने सांगितलं की तू नको म्हणालीस."

आईने कोटाचा काठ सोडून हाताने सपाट केला. मग म्हणाली, "मी कुठे काय म्हणाले? मी बॉबिन भरत होते."

बटण, ती खरंच बॉबिन भरत होती. निळा दोरा होता. तिला वार आठवत नाही, आपलं घर कुठल्या गल्लीत आहे ते आठवत नाही, आणि हे आठवतं. म्हणजे मी फोनवर काय बोलले ते तिने ऐकलं असेल का? नऊ वर्षं माहीत असून ती माझ्या हातचा चहा पीत असेल का? मला विचारायचं धाडस झालं नाही, आणि आता विचारून उपयोगही नाही.

मग तिने माझा हात, म्हणजे तुझा हात, थोपटला. "ताईला बोलू नकोस हं काही," ती म्हणाली. "ती एकटी पडते. तुझ्या सगळ्या कपड्यांत मी माया ठेवली. ती एकदमच मोठी झाली, तिला वाढायला जागा ठेवायची राहूनच गेली. माझंच चुकलं ते."

मी अंडं खाल्लं. दुसरं काय करायचं ते सुचेना.

तू म्हणशील, इथे गोष्ट संपली. नाही संपली.

चार वाजता परतीसाठी सगळे धक्क्यावर जमलो. ती शेवटची बोट होती, गाइडबाईंनी दिवसभरात तीनदा बजावलं होतं. छत्रीने मोजणी झाली, एकतीस. नेहमीसारखं त्यांनी विचारलं, "कोणी राहिलं का?"

"माझी मोठी राहिली," आई म्हणाली.

"आजी, एकतीस झाले की."

"तुमची मोजणी चुकली. मला दोन मुली आहेत. ही धाकटी. मोठी बागेत राहिली." आणि ती फळीच्या अलीकडे पाय रोवून उभी राहिली. "तिला घेतल्याशिवाय मी येत नाही. तुम्ही जा."

तिची समजूत घालायला सगळी बोट खाली उतरायची बाकी होती. जाडजूड गृहस्थ म्हणाले, आजी, चला, थंडी वाढतेय. आई ढिम्म. नावाड्याने भोंगा वाजवला. आणि मी तिथे उभी होते, तिच्या हाताला धरून, तिने माझ्यासाठी बोट अडवून धरली आहे हे बघत. मी कधी हरवले तर कोणी थांबेल, असं मला या जन्मात वाटलं नव्हतं.

मी गाइडबाईंना म्हणाले, "मी घेऊन येते तिला." त्यांनी कोटाकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि आईचा हात आपल्या हातात घेतला.

काचघरामागे त्याच बाकापाशी जाऊन मी कोट काढला, घडी करून पिशवीत घातला आणि नुसत्या सुती ब्लाउजवर कुडकुडत परत आले. पिशवीचा लांब बंद मी टेपेसारखा गळ्यात अडकवला होता, हे मला नंतर कळलं.

"कुठे होतीस?" आई कडाडली. "सगळी बोट खोळंबली तुझ्यापायी. लहान आहेस का आता?" किती वर्षांनी ती मला रागावली. मला फार बरं वाटलं, खोटं कशाला सांगू.

ती फळीवर एक पाऊल टाकून थांबली. मागे वळून बागेकडे बघायला लागली.

"आणि बटण?"

मी म्हणाले, "ती पुढच्या बोटीने येतेय."

आईने गाइडबाईंकडे पाहिलं. त्या बाईंनी क्षणभर विचार केला आणि शाळेत देतात तसं ठाम उत्तर दिलं, "हो आजी, आहे ना पुढची बोट." मग आई बसली. परतताना धुकं नव्हतं, पाणी सोनेरी आणि सपाट होतं आणि ती माझ्या खांद्यावर डोकं ठेवून झोपली. उतरताना गाइडबाई मला हळूच म्हणाल्या, "आज पहिल्यांदा एक बाकी ठेवून आले. बघा तुम्ही."

त्याला चार दिवस झाले. इतर सगळं ती विसरते, हे विसरत नाही. सकाळ-दुपार दुकानाच्या काचेशी बसते आणि विचारते, "पुढची बोट आली का?" मी म्हणते, "निघालीय."

काल बघते तर मांडीवर तुझा कोट. कात्रीच्या टोकाने बाजूची शिवण उसवत होती, एक धागा न दुखवता. म्हणाली, "आता मोठी झाली असेल. दोन बोटं सोडते." एक बाजू झाली आणि थांबली. म्हणाली, दुसरी माप घेऊनच करायची, अंदाजाने नको. कोट तसाच, एका बाजूने उघडा, खुंटीवर लावला आहे. तो मी पोस्टाने पाठवणार नाही.

कदाचित तू दारात उभी राहशील आणि ती तुला ओळखणार नाही. तुझ्या अंगावर जे कापड असेल त्याचं नाव घेऊन हाक मारेल. वाईट वाटून घेऊ नकोस, आत ये आणि कोट घाल. माझ्याशी बोलायचं नसेल तर बोलू नकोस. मी मागच्या खोलीत काजं करत बसेन.

येऊ नकोस असं आई कधीच म्हणाली नव्हती. ते मी म्हणाले होते. आता मीच म्हणते, ये.

बेटावर राहिलेली आणि आईने परत आणलेली,
तुझी ताई