खुंटीवरचा कोट

हॉलिन क्लफ, यॉर्कशायर
१२ नोव्हेंबर २०२४

प्रिय क्रेग,

पाकिटावर माझं अक्षर पाहून घाबरला असशील, म्हणून आधीच सांगते: बाबा ठीक आहेत. खुब्याच्या ऑपरेशननंतर ते काठी घेऊन चालतात. म्हणजे काठी हातात असते, आणि तिचा मुख्य उपयोग रस्त्यावरच्या गाड्यांना दटावण्यासाठी होतो. घर गळत नाहीये, मांजर जिवंत आहे, माझी नोकरी शाबूत आहे. पत्राचं कारण वेगळंच आहे. फोनवर ते मी तीनदा सांगायला घेतलं आणि तिन्ही वेळा तुझ्या सफरचंदाच्या बागेची चौकशी करून फोन ठेवला. कागदावर तसं पळून जाता येत नाही.

बारा वर्षं झाली, तू बाबांशी बोललेला नाहीस. 'तब्येत कशी आहे त्यांची' असं तू मला विचारतोस, 'तिकडे उन्हाळा लागला का' असं ते मला विचारतात, आणि मी दोघांच्या मध्ये निरोप्यासारखी. त्या रविवाराबद्दल आपण तिघांपैकी कोणीच पुन्हा बोललं नाही. मला आज त्याबद्दलच बोलायचं आहे. पण आधी यंदाचं ऐक, कारण यंदा जे झालं नसतं तर मी अजूनही गप्पच बसले असते.

ऑपरेशनमुळे पॉपीचा ट्रे, युद्धात मेलेल्यांच्या आठवणीची ती लाल फुलं देणगी घेऊन वाटायचा, या वर्षी माझ्या गळ्यात पडला. तीस वर्षांत पहिल्यांदा बाबा घरी, आणि सुपरमार्केटच्या दारात पट्टा गळ्यात अडकवून मी! इराकच्या युद्धाविरुद्ध लंडनच्या मोर्चात चालून आलेली आणि त्या वर्षी जेवणाच्या टेबलावर 'ते लाल फूल म्हणजे ढोंग आहे' असं बाबांना ऐकवणारी मी. नंतर मी पुन्हा पॉपी लावायला लागले, ते बाबांसाठी की कॉलेजातल्या नोकरीसाठी, हे मला अजून नक्की सांगता येत नाही. डायरीत पाहिलं, तर दर नोव्हेंबरला मी वेगळं कारण लिहिलेलं आहे.

पॉपी आता पूर्ण कागदाची असते, तो हिरवा प्लास्टिकचा देठ गेला. लोकही बदललेत. आपल्या लहानपणी ऑक्टोबर संपता संपता सगळ्या गावाच्या कोटावर ती उगवायची आणि कोणी त्यावर एक शब्द बोलायचं नाही. तू युद्धावरून परतलास त्या वर्षांत तिचं वेगळंच काहीतरी झालं होतं. ट्रकच्या तोंडावर ताटाएवढ्या पॉप्या, टीव्हीवर कोणी लावली नाही याची पेपरात ओरड, आणि दुकानात रांगेत उभं राहिलं की आधी नजर छातीकडे. आता तेही ओसरलंय. निळ्या केसांची एक मुलगी माझ्यासमोर थांबली आणि म्हणाली, "हे युद्धाच्या बाजूचं आहे की विरोधातलं?" मी खरं ते सांगितलं, की मला माहीत नाही, माझे बाबा म्हणतात ते स्मारकाच्या दगडावरच्या नावांचं आहे. तिनं जरा विचार केला. "मग द्या एक," म्हणाली आणि कोटाऐवजी पिशवीला लावून गेली. एक बाई म्हणाल्या, "मी नाही लावत, पण तुम्ही उभ्या आहात हे बरं वाटतं." बरेच जण नुसते हसून जातात. मला त्यांचा राग आला नाही. राग यायला हवा होता का, हेही मी स्वतःला विचारून पाहिलं.

आणि आपल्या मिसेस ओल्ड्रॉइड! आठवतं, चर्चच्या फाटकापाशी उभ्या राहून कोणी लावली, कोणी नाही यावर पाळत ठेवायच्या? आता त्यांच्या कोटावर लोकरीची जांभळी पॉपी असते, युद्धात मेलेल्या घोड्यांसाठी. मी विचारलं, आणि माणसांसाठी? तर म्हणतात, "माणसांना मी पुरती ओळखून आहे, बेव्हर्ली."

तर परवाचा रविवार, स्मृतिदिनाचा. बाबांना जुना जड ओव्हरकोट अंगावर घेऊन काठी सांभाळता येईना, म्हणून मी त्यांना मी आणलेलं पिसांचं जाकीट घातलं. गाडीतून उतरलो, बँडच्या मागून हळूहळू स्मारकापर्यंत गेलो. बाबांनी नेहमीप्रमाणे छातीवर हात नेला आणि तो हात तिथेच थांबला. "बेव्ह," ते पुटपुटले, "माझी कुठाय?" घरी, ओव्हरकोटावर. मी माझी काढायला लागले तर म्हणाले, "राहू दे पोरी, सुरू झालं." आणि तीस वर्षं सगळ्या गावाला पॉपी लावणारा माणूस बिनपॉपीचा पुढे गेला, पुष्पचक्र ठेवलं, नावं वाचली. त्रेपन्न नावं, शेवटचं तुझ्याबरोबर लढायला गेलेल्या डॅनीचं. डॅनीच्या नावाशी ते दर वर्षी थोडे थांबतात, तसेच थांबले.

नंतर बँडच्या हॉलमध्ये चहा. बाबा तिथे वाट बघत बसले, कोण पहिला टोमणा मारतो याची. कोणी मारेना. शेवटी ते मुद्दाम मिसेस ओल्ड्रॉइडसमोर जाऊन छाती काढून उभे राहिले. "काही दिसतंय का माझ्यात?" त्यांनी खालीवर पाहिलं. "वजन उतरलंय, रॉय," त्या म्हणाल्या. "बेव्हर्ली खायला घालत नाही वाटतं." हॉलमध्ये निम्म्या लोकांच्या अंगावर पॉपी नव्हती, हे मलाही तेव्हाच दिसलं. आणि तरी स्मारकापाशी यंदा नेहमीपेक्षा गर्दी जास्त होती.

मग घरी आलो. जेवायला बसलो, मी यॉर्कशायर पुडिंगवर ग्रेव्ही वाढत होते, आणि ते एकदम म्हणाले, "त्या वर्षी तो असाच उभा राहिला असता, तर काय बिघडलं असतं?" बारा वर्षांत पहिल्यांदा त्यांनी तुझा विषय असा काढला. नाव घेतलं नाही, पण 'तो' म्हणजे आमच्या घरात दुसरं कोण?

तो रविवार तुला मी सांगायला नको, पण मला तो एकदा नीट लिहायचा आहे, कारण माझ्या डायरीत त्या तारखेला फक्त 'वारा फार' एवढंच आहे. शनिवारी दिवसभर तुमचं दोघांचं चाललं होतं. तू म्हणालास, "ज्यांनी डॅनीला पबमधून दोनदा हाकललं, तेच आता माझा कोट तपासणार. मी येईन, पण लावणार नाही." बाबा चिडले, मग बागेत जाऊन आले, आणि म्हणाले, "नको लावूस. माझ्या शेजारी उभा राहा म्हणजे झालं. माझा शब्द." तुम्ही हातात हात दिलात. आई सोफ्यावर शाल घेऊन बसली होती, आजारानं अर्धी झालेली, आणि तेव्हा ती किती दिवसांनी हसली होती.

सकाळी तू घाईत कोट चढवलास, वर मफलर गुंडाळलास. स्मारकापाशी वाऱ्यानं मफलर उडाला आणि मिसेस ओल्ड्रॉइड सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाल्या, "अरे वा, क्रेग! लावलीस की शेवटी! मी म्हटलंच होतं रॉयला, पोरगं वळणावर येईल." तू खाली पाहिलंस. तुझ्या कोटावर पॉपी होती. ती ओढून काढताना तुझं बोट टाचणीनं चिरलं. तू बाबांना म्हणालास, "शब्द दिला होतात ना?" बाबांनी तोंड उघडलं, आईकडे पाहिलं, आणि मिटलं. तू फूल दगडापाशी टाकून सगळ्या गावासमोरून निघून गेलास. महिन्याभरात न्यूझीलंड. मार्चमध्ये आईच्या अंत्यविधीसाठी आलास तेव्हाही चर्चच्या बाकाच्या दुसऱ्या टोकाला बसलास.

ती पॉपी मी लावली होती, क्रेग. सकाळी सात वाजता, कोट खुंटीवर होता तेव्हा, सगळे झोपलेले असताना. का, हे मी बारा वर्षं स्वतःला विचारते आहे. आईचा तो शेवटचा नोव्हेंबर होता आणि तो शांततेत जावा असं मला वाटत होतं, हे खरं आहे. पण एवढंच खरं नाही. कॉलेजात मी नवी होते, तिथली दोन माणसं त्या गर्दीत असणार होती, आणि माझा भाऊ बिनपॉपीचा दिसू नये असं मला वाटलं. मोर्चात जाणाऱ्या मला! मफलर घरी येईपर्यंत जागचा हलणार नाही, तुला कळणारही नाही, आणि कळलंच तर तू हसशील, असंही वाटलं. तू बाबांना बोललास तेव्हा मी तीन पावलांवर होते. 'मी केलं' हे दोनच शब्द होते. मी म्हटले नाहीत. पहिल्या दिवशी भीती वाटली, मग आई गेली, मग इतका उशीर झाला होता की तो उशीरच सांगायला लाज वाटू लागली.

हे सगळं मी परवा बाबांना सांगितलं. ग्रेव्हीचं भांडं हातात धरूनच. त्यांनी सुरी बाजूला ठेवली. मग म्हणाले, "तू? ब्रेंडा नाही? तुझी आई?" मला काही कळेना. तर त्या सकाळी त्यांनी आईला तुझ्या कोटावरून ब्रश फिरवताना पाहिलं होतं. दर वर्षी ती सगळ्यांचे कोट झाडायची तशीच, पण नंतर पॉपी दिसली तेव्हा त्यांची खात्रीच पटली की ती तिनं लावली. म्हणून ते गप्प राहिले. "माझ्यावर चिडला तर मला पुष्कळ वर्षं होती भरून काढायला," म्हणाले. "तिच्याकडे चार महिने होते."

आणि मग ते हसायला लागले, क्रेग. मला वाटलं रडतायत, पण नाही, हसत होते, काटा खाली ठेवून, चष्मा काढून. "बारा वर्षं मी त्या बाईला माफ करतोय! रोज रात्री दिवा मालवताना! आणि तिनं काही केलंच नव्हतं!" मग म्हणाले, "पण ब्रश फिरवताना तिला दिसली तर असणारच. म्हणजे थोडी माफी लागू पडते." मला ते काय म्हणाले असं विचारशील, तर विशेष काही नाही. सगळी भांडी त्यांनी स्वतः विसळली, मला पुसूही दिली नाहीत. शेवटी म्हणाले, "आधी सांगायला हवं होतंस, पोरी." एवढंच. मला त्याहून जास्त चाललं असतं. पण त्या दिवसापासून घरात एक हलकेपणा आहे, आणि माझ्या वाट्याचा मी चोरून घेतेय की तो माझाच आहे, हे मला ठरवता येत नाहीये.

तू मला माफ करावंस म्हणून हे लिहिलेलं नाही. ते तुझं तू बघ, वेळ घे, हवं तर कधीच करू नकोस. लिहिलं ते अशासाठी, की बाबांना तुला फोन करायचा आहे. "माझ्या वतीनं माफी-बिफी मागू नकोस, मी काही केलेलं नाही," असं बजावून झालंय, आणि मग दारापर्यंत जाऊन परत येऊन, "उचलेल का पण तो?" डिसेंबरच्या पहिल्या रविवारी, इथल्या संध्याकाळी, म्हणजे तुझ्याकडच्या सोमवारच्या सकाळी. त्यांच्या फोनवरून परदेशात लागत नाही, म्हणून ते माझ्या फोनवरून करणार आहेत. हे पत्र वाचल्यावर माझं नाव बघायची तुझी इच्छा नसेल, हे मला समजतं. पण त्या दिवशी पडद्यावर माझं नाव आलं, तर कट करू नकोस. मी खोलीत नसेन. बाबा असतील.

तुझीच, तू म्हणू देशील तोवर,
बेव्ह