दिवे शेवटी

बाबा, काल तुमची गाडी चाळीतून हलवली. चाळ पाडायला घेतली आहे. खोल्या सगळ्या रिकाम्या झाल्या, राहिली होती ती मागच्या अंगणात ताडपत्रीखालची तुमची लाल, दोन सीटांची गाडी.

परळच्या कारखान्यात तुम्ही गणपतीचे साचे करायचात आणि गणपती गेले की उरलेलं वर्ष ही गाडी. कॅलेंडरवर पाहिलेली परदेशी रेसची गाडी, तुम्हाला हुबेहूब तशी हवी होती. भंगारातून एका छोट्या गाडीचा सांगाडा आणि इंजिन आणलंत. आधी शाडूची अख्खी गाडी घडवलीत, तिच्यावरून साचा काढलात, मग साच्यात फायबर. मूर्तीची रीत तीच हिची. वरच्या गॅलरीतून शेजारचे काका रोज विचारायचे, "काय हो, यंदा विसर्जन कधी हिचं?" आणि आतून आई, "आधी माझं करा म्हणावं!"

मी तेव्हा दहा-बारा वर्षांची. पॉलिश पेपर माझ्या हातात देऊन तुम्ही समोर उकिडवे बसता. मी जोर लावून घासते आणि तुम्ही ओरडता, "गाल आहे तो, गाल! भिंत खरवडतेस का?" मग माझा तळवा धरून मडगार्डवर ठेवता. "डोळे मीट. आता फिरव हात. हळू." मी फिरवत जाते आणि कुठेतरी तांदळाच्या कणीएवढा उंचवटा लागतो. "लागला!" त्या वेळी तुमचा चेहरा जसा खुलायचा, तसा माझ्या निकालालाही कधी खुलला नाही.

दिवे कधी लावायचे, असं मी सारखं विचारायची. तुमचं उत्तर ठरलेलं. "डोळे शेवटी. एकदा का ती आपल्याकडे बघायला लागली, की तिच्यातल्या चुका दिसत नाहीत." मूर्तीचे डोळे शेवटी आखतात, तसंच. पण ते शेवटचं काम राहिलंच. रंग झाला, इंजिन सुरू झालं, गाडी अंगणात पुढे-मागे झाली आणि त्याच श्रावणात तुम्ही गेलात. दिव्यांची जोडी इतकी वर्षं आईच्या कपाटात, कापसात गुंडाळलेली.

काल टेम्पो यायच्या आधी आईनं ती माझ्या हातात दिली. "लाव गो आता. आंधळी कशी पाठवायची तिला?" मी दिवे घेऊन गाडीसमोर बसले. हे लावले की तुमचं काम संपणार होतं. मी डोळे मिटले, बॉनेटवरून मडगार्डवर हात फिरवला आणि म्हटलं, "आई, डावीकडे उंचवटा आहे अजून. घासावं लागेल. आज नको."

 आईनं हातातल्या पिशवीतून तुमचं उपरणं काढलं. "बरं. मग तोंड तरी झाक तिचं." कारखान्यातून मूर्ती नेताना झाकतात, तसं मी गाडीचं तोंड उपरण्यानं झाकलं. लालबागच्या सिग्नलला बाइकवरच्या एका पोरानं वाकून विचारलं, "कुठल्या मंडळाचा, आजी?" टेम्पोत पुढे बसलेली आई म्हणाली, "घरचा."

आता गाडी शीवला आमच्या इमारतीखाली उभी आहे, दिवे माझ्या कपाटात आहेत. आज सकाळी खाली जाऊन पुन्हा हात फिरवला. हे तुम्हाला पोचणार नाही, म्हणूनच लिहायला जमतंय. बाबा, डावा गाल अगदी गुळगुळीत आहे. कालही होता.