पानागणिक एक झाड

५ जानेवारी, रविवार

ठरलं एकदाचं! अव्वा — दयानंदची आई, माझी सासू — तीन आठवडे या नवव्या मजल्यावर करणार काय, हा घोर मला होता. तोडगा तिनेच काढला. रोज चहानंतर वाचन, तेही फक्त मलप्रभेच्या खोऱ्याबद्दल. तो तिचा मुलूख. मी मराठी इतिहास वाचून दाखवायचा, आणि ती पिशवीतली कानडी कादंबरी मराठीत सांगणार. तिची शाळा कानडी. मराठी फडाफडा बोलते, पण वाचता येत नाही. मी नाशिकची. सर्जापूर रोडला सहा वर्षं काढली, तरी दुकानाची कानडी पाटी वाचता येत नाही. लाज आहे!

७ जानेवारी

इतिहासात आज एका गढीची लढाई होती. आपण जिंकली. अव्वा पदर तोंडाला लावून हसत सुटली. "ती लढाई आम्ही जिंकलो म्हणून आमच्या गावात जत्रा भरतेय की गं!"

मी छापलेली ओळ दाखवली.

"छापलंय म्हणून खरं होतंय व्हय?"

८ जानेवारी

कादंबरी भलतीच रंगली आहे! गिरिजा सोळा वर्षांची, गणितात हुशार. बाप मॅट्रिकचा फॉर्म भरू देईना, तेव्हा मास्तरांनी गुपचूप भरला. फक्त लेखकाला झाडांचं वेड आहे. पान उलटलं की झाड! कधी जांभूळ, कधी हिरडा — आणि गिरिजा त्याच्याखाली बसलेली. "झाडं गाळ ना अव्वा," म्हटलं, तर म्हणते, "पुस्तकात हाय ते सांगायला नको?"

१० जानेवारी

मीटिंग चालू, कॅमेरा बंद, आणि मी वहीत कानडी अक्षरं गिरवतेय. अव्वा शेजारी छडीसारखं लाटणं घेऊन. "मॅट्रिक नसलेली मास्तरीण मिळाली बघ तुला!"

दयानंद व्हाइटफील्डच्या ऑफिसातून आंबून आला. त्याला म्हटलं, गिरिजाचं पुढे काय होतं तेवढं वाचून सांग. "तूच शीक की. स्वल्प प्रयत्न कर!" वर म्हणे, "अव्वा कादंबऱ्या कधीपासून वाचायला लागली?" आळशी मेला.

१२ जानेवारी

'अ'पासून 'ळ'पर्यंत एकदम पाठ!!

१९ जानेवारी

गिरिजाने हॉलतिकीट करंजाच्या ढोलीत लपवलं. आणि नेमके पहिल्या पेपरच्या सकाळीच पाहुणे तिला बघायला येणार! मी ओरडलेच — "पण पेपरला बसली का?"

अव्वाने पुस्तक मिटलं. "बास आज. पुढचं उद्या."

२४ जानेवारी

उद्या-उद्या करत पाच दिवस गेले. आज पुन्हा विचारलं, तर घासलेली भांडी परत घासायला बसली. उद्या तिची गाडी आहे. शेवट न सांगता जाणार! मला खरंच राग आलाय. त्या पोरीने पेपर दिला की नाही, एवढंच तर विचारतेय.

२५ जानेवारी

अव्वा गेली. चहा एकटीने प्यायला नको वाटला.

तिची उशी उचलली तर खाली पुस्तक. लगेच फोन केला — अव्वा, पुस्तक राहिलं!

"राहिलं नाही, ठेवलंय. अक्षरं शिकलीस की. सावकाश वाच."

२ फेब्रुवारी

जोडाक्षरांनी जीव काढलाय. तरी आज 'ताजी भाजी' ही पाटी स्वतः वाचली. भाजीवाल्या अण्णाने टाळ्या वाजवल्या, वर कोथिंबीर फुकट दिली!

१६ फेब्रुवारी, रविवार

वर्तमानपत्राचं वेष्टन काढून बोट ठेवत ठेवत वाचलं. पहिल्या पानावर जांभूळ. दुसऱ्यावर हिरडा. उंची, पानं, फुलं, औषधी उपयोग. कादंबरी नाहीच ही. खोऱ्यातल्या झाडांची माहिती आहे, बस्स.

करंजाच्या पानात एक पिवळा कागद होता, चार घड्या घातलेला. मॅट्रिकचं हॉलतिकीट. नाव जुळवून वाचायला वेळ लागला — महानंदा. आमची अव्वा.

खाली प्रत्येक पेपरपुढे पर्यवेक्षकाच्या सहीसाठी एक चौकट आहे. सगळ्या कोऱ्या.