शर्वाणीचा जन्म कुठला?

आयर्विंग, टेक्सास
५ फेब्रुवारी २०२३

ती. सौ. वेदवतीअक्कास,
शेषगिरीचा सा. न. वि. वि.

आवकाया लोणच्याची बरणी पोचली. तुझा भाचा फणींद्र ते भाताशिवाय नुसतंच खातो, म्हणून लपवून ठेवली आहे. आई बरी आहे. पुढचं फोनवर बोलायला जीभ रेटेना, म्हणून लिहितो.

फणींद्रचं ग्रीन कार्ड अडलेलंच आहे. ही रांग माणूस कुठे जन्मला त्यावर लागते, आणि आपली रांग अशी की नंबर लागेल तेव्हा हातात काठी असेल, असं इथे देवळात सगळे हसत सांगतात. आता त्याच्या कंपनीत माणसं कमी करताहेत. नोकरी गेली तर दोन महिन्यांत दुसरी शोधायची, नाहीतर गाशा गुंडाळायचा.

मागच्या आठवड्यात वकीलबाईंनी सहज विचारलं, लग्न ठरतंय का कुठे? बायको दुसऱ्या देशात जन्मलेली असेल तर नवऱ्यालाही तिच्या रांगेत उभं राहता येतं, आणि ती रांग जवळजवळ मोकळी आहे. मात्र लग्न आधी, अर्ज नंतर, तोही दोघांनी एकत्र. नुसतं कागदासाठी केलेलं लग्न गुन्हा ठरतं, हेही त्यांनी बजावलं.

घरी सांगितलं तर आई ताडकन म्हणाली, वेदवतीच्या नणंदेची शर्वाणी मस्कतला जन्मलेली ना?

अक्का, चार वर्षांपूर्वी तू हे स्थळ आणलंस तेव्हा हीच आई म्हणाली होती, वाळवंटात जन्मलेल्या पोरीला ना गाव ना गोदावरी. आणि मी तुला कळवलं की पत्रिका जुळत नाही. आज मीच विचारतो आहे, तिचं लग्न झालं का? फणींद्रला तेव्हाही ती आवडली होती. हे खरं आहे. पण आज लिहिताना माझं मलाच ते बनावट वाटतं.

लोभ ठेव म्हणायला तोंड नाही. तरी ठेव.

तुझा,
शेषगिरी

राजमहेंद्री
२६ फेब्रुवारी २०२३

चि. शेषगिरीस,
अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र ह्यांना, तुझ्या बावांना, वाचून दाखवलं. ते म्हणाले, अमेरिकेत हल्ली सुनेच्या अंगावर दागिन्यांऐवजी जन्मदाखला घालतात वाटतं! मी हसले नाही. माझ्या हातची पूतरेकुलुची मिठाई खाऊन तुम्ही नकार दिलात आणि डबाही परत केला नाहीत, हे मी विसरलेले नाही.

शर्वाणीचं लग्न झालेलं नाही. काकीनाड्याला कॉलेजात गणित शिकवते. आडपडदा न ठेवता सगळं तिच्यापुढे मांडलं. पोरगी आधी खूप हसली. मग आत जाऊन तू तेव्हा परत पाठवलेली पत्रिका घेऊन आली. त्यावर तुझ्याच अक्षरात जन्मस्थळ राजमहेंद्री लिहिलेलं आहे. वेळ मात्र मस्कतची.

ती म्हणाली, मामी, मला नाकारायचं होतं तेव्हा यांनी मला राजमहेंद्रीत जन्माला घातलं, आणि आता रांगेसाठी मस्कतला. त्यांना सांगा, आधी मी कुठे जन्मले ते एकदा नक्की करा, मग मागणी घाला.

तुझी बाजू घ्यायला मला काही सापडलं नाही. तुला सापडलं तर कळव.

आईला नमस्कार. माया आहेच, ती कुठे जाते?

तुझी,
वेदवतीअक्का

आयर्विंग
१९ मार्च २०२३

ती. सौ. वेदवतीअक्कास,
सा. न. वि. वि.

मला काही सापडलं नाही. आई म्हणाली होती, घराणं राजमहेंद्रीचं आहे, तेच लिही. मस्कत पाहून ज्योतिषी नाक मुरडेल. मी इंजिनीयर माणूस, वेळ एका गावची आणि जागा दुसऱ्या गावची लिहितोय हे मला कळत होतं. नकारच द्यायचा आहे तर काय फरक पडतो, असं वाटलं.

तुझं पत्र फणींद्रने दोनदा वाचलं. पत्रिकेचं त्याला ठाऊकच नव्हतं. मुलीकडूनच नकार आला असं आम्ही त्याला सांगितलं होतं. त्याने लगेच वकीलबाईंना कळवून टाकलं, की मी माझ्याच रांगेत थांबतो. परवा त्याच्या शेजारच्या टेबलावरच्या मुलाला कंपनीने घरी पाठवलं. याची पाळी कधी येईल, सांगता येत नाही.

आणखी एक. आईने मला न विचारता मस्कतची जागा आणि मस्कतचीच वेळ घालून पत्रिका पुन्हा मांडून घेतली. दीड तासाच्या फरकाने नक्षत्रच बदललं. ज्योतिषी म्हणाले, इतकी चांगली जुळणारी पत्रिका बऱ्याच दिवसांत पाहिली नव्हती.

अक्का, हे खरं आहे. पण शर्वाणीला सांगू नकोस. सांगितलंस तर ती हसून म्हणेल, गरज पडताच नक्षत्रही फिरवलंत, आणि तिला खोटं पाडायला माझ्यापाशी काही नाही.

डबा धुऊन ठेवला आहे. कोणी येणारं असेल त्याच्याबरोबर पाठवतो. माया असू दे.

तुझा,
शेषगिरी