वांगाचा लिव्हरशी काही संबंध नाही

९ फेब्रु.
घणसोलीला पार्सल टाकून लगेच रबाळ्याला परतायचं होतं. गावच्या मैदानावर टेनिस बॉलची टूर्नामेंट दिसली. म्हटलं एक ओव्हर बघू. फायनल संपली तरी तिथेच. दुपारभर ऊन, टोपी नाही, ऑफिसचे फोन उचलले नाहीत. बक्षीस द्यायला स्टेजवर कोण, तर सायलीचे वडील, नाना. खाली उतरले ते नेमके माझ्यासमोर. मी वाकून पाया पडलो (सा.ने बजावून ठेवलंय, कुठेही दिसले तरी वाक). नानांनी माझी हनुवटी धरली आणि बाजारात बैल बघावा तसं तोंड उन्हाकडे फिरवलं.
"तुजे तोंडावर यो काय हाय?"
"वांग आहे, नाना."
"वांग बायकांना येतो. बाप्याचे तोंडावर आला म्हंजे लिवर गेला. किती पितंस?"
पीत नाही म्हणालो. मैदानभर हसू. मग लक्षात आलं, नानांच्या दुसऱ्या हातात माइक होता. चालू.

१० फेब्रु.
सा.चा फोन. आधी हसली, मग चिडली, मग परत हसली. "अख्ख्या गावाला कळलं, सायली फिरते त्या पोराचं लिव्हर गेलंय म्हणून." पुढच्या महिन्यात नाना मला घरी बोलावणार होते, बोलणी करायला. आता म्हणतात, आधी लिवर.
नानांचं खरं कारण दुसरंच असणार. आम्ही दिघ्याला भाड्याच्या खोलीत, त्यांच्या स्वतःच्या चाळी. आम्ही घाटावरचे, ते इथले आगरी. मी बारावी अर्धवट, आयटीआय अर्धवट, नोकऱ्या तर... पण हे सगळं तोंडावर बोलायला जड जातं. तोंडाबद्दलच बोललं की झालं.
दोन वर्षं सा. माझ्यासाठी थांबलीय. मी कधी कुठे थांबलो नाही, इथे थांबावंसं वाटतंय, आणि अडकलंय कशात, तर गालात.

१५ फेब्रु.
लिव्हरची टेस्ट करून घेतली. सगळं नॉर्मल. आयुष्यात पहिल्यांदा सगळ्या विषयांत पास. रिपोर्टचा फोटो सा.ला पाठवला, तिने नानांना दाखवला. नाना म्हणाले, "लॅबवाला त्याचा दोस्त आसंल."


१९ फेब्रु.
आईचं चालू झालंय. दुधात जायफळ उगाळून सकाळ-संध्याकाळ. सहाणेवर उगाळताना लेक्चर पण. "लडाखला कशाला मरायला गेला होतास? तिथनंच आणलंस हे." ते खरंय. तिकडे एक उन्हाळा ढाब्यावर भांडी धुतली, उघड्यावर. परत आलो तर दोन्ही गालांवर नि वरच्या ओठावर तपकिरी छाप. आधी वाटलं मळ आहे, दगडाने घासलं. घासून अजून काळं.
जायफळाने फरक शून्य. दिवसभर तोंडाला श्रीखंडाचा वास. ऑफिसातला सावंत म्हणाला, "विक्या, पुरी आणू का?"
खरं औषध माझं मी चालूच ठेवलंय. स्टेशनसमोरच्या मेडिकलवाल्याने दिलेली ट्यूब, वर्ष झालं असेल. मी नुसतं तोंड पुढे केलेलं, त्याने न विचारता काढून दिली. पहिल्यांदा आठवड्यात असा उजळलो की सा. म्हणाली, "फिल्टर लावलायस काय?" मग एक दिवस चुकलं की दुप्पट काळं. म्हणून चुकवत नाही. रोज सकाळी लावून बाइकवर. आता लावूनही काळंच.

२६ फेब्रु.
सा.ने शेवटी धरून पालिकेच्या हॉस्पिटलात नेलं, कातडीच्या ओपीडीत. रांगेत सगळ्या बायका. एक मावशी म्हणाल्या, "बायकोला आत सोडत नाहीत का रे एकटीला?" म्हटलं पेशंट मी आहे. सगळ्या माझ्याकडे वळल्या. मग काय, जिचं तिचं तोंड दाखवणं सुरू. एकीला बाळंतपणानंतर आलेला, एकीला गोळ्यांनी, एक रोज भट्टीसमोर भाकऱ्या करते तिला. मी गप्पांत इतका रमलो की माझा नंबर पुकारला ते ऐकलंच नाही. सा.ने चिमटा काढला.
डॉक्टरबाई तरुण, तुसड्या, पण नीट बघतात. निळा दिवा मारून बघितलं. म्हणाल्या, वांगच आहे. पिंपल फोडून राहतात ते डाग वेगळे, ते हळूहळू जातात. वांग कातडीचा स्वभाव असतो. ऊन, उष्णता, घराण्यात असणं. पुरुषांनाही येतो.
मी विचारलं, "आणि लिव्हर?"
"लिव्हरचं काय?"
"म्हणजे, लिव्हरमुळे..."
"कोण म्हणालं?"
सा. म्हणाली, "माझे वडील." बाईंनी नुसता श्वास सोडला.
मग ट्यूब बघितली नि भडकल्या. "ही कुणी दिली? यात स्टेरॉइड आहे. थोडे आठवडे, रात्री, डॉक्टर सांगेल तेव्हाच लावायची. तू वर्षभर, सकाळी लावून उन्हात?" गाल ओढून सा.ला दाखवला. "कातडी कागद झालीय बघ. आतल्या शिरा दिसतात." ट्यूब आजपासून बंद. बंद केल्यावर तोंड लाल होईल, जळेल, आधीपेक्षा वाईट दिसेल, काही आठवडे किंवा जास्त. घाबरून परत लावायची नाही.
दुसरं मलम दिलं, स्टेरॉइड नसलेलं. साधं मॉइश्चरायझर. आणि सनस्क्रीन, तेही रंगवालं, कारण नुसत्या उजेडानेही वांग वाढतो म्हणे. दोन बोटं भरून, दर दोन-तीन तासांनी परत. जायफळ, लिंबू, दगड सगळं बंद.
"पूर्ण जाईल ना?"
"फिका होईल. उन्हात हिंडलास की परत येईल."
म्हणजे बरा होत नाही, सांभाळायचा. मला नोकरी सांभाळता येत नाही.

५ मार्च
लाल. नुसता लाल नाही, सोललेल्या कोलंबीसारखा. पाणी लागलं तरी झोंबतं. हेल्मेटच्या आत भट्टी. सनस्क्रीन लावली की आई म्हणते, "भिंत लिंपल्यागत दिसतंय." काळे पट्टे आहेत तिथेच, वरून लाल. आरशात बघितलं तर खरंच सकाळपासून दारू टाकून बसलेला वाटतो.
मेडिकलवाल्याकडे गेलो भांडायला. आधी म्हणाला, मी दिलीच नाही. मग म्हणाला, "सगळेच नेतात, तुझंच तोंड नाजूक." बरंच काही बोलणार होतो, पण शेजारी वडे गरम निघाले आणि...

११ मार्च
घ्या. आता नाना म्हणतात, येत्या रविवारी ये. सा.ने महिनाभर रडून, न जेवून, काकाला मध्ये घालून कबूल करवलं. "एकदा बघतो पोराला नीट, मंग काय ते." नीट बघणार. आत्ता. या तोंडाला.
पुढे ढकल म्हटलं सा.ला. म्हणाली, "आता ढकललं तर संपलं. नानांना मी ओळखते." मग थोडं थांबून: "विकास, ती ट्यूब आहे अजून?"

१२ मार्च
दिवसभर भांडण, मेसेजवर, मग फोनवर, मग ऐरोलीला तिच्या ऑफिसखाली उभं राहून. ती म्हणते रविवारपर्यंतच लाव, चार दिवसांनी काही होत नाही, सोमवारपासून बंद कर. मी म्हणतो, तूच नेलंस ना त्या बाईंकडे, तूच ऐकलंस ना. ती म्हणते, "मला तुझं तोंड नकोय रे चांगलं, मला नानांचा होकार पाहिजे."  तिचं चुकतही नाही. माझंही नाही. मग चूक कुणाची? मेडिकलवाल्याची, उन्हाची, त्या माइकची...
शेवटी म्हणाली, "तुला थांबायचंच नसेल तर तसं सांग." हे मात्र लागलं. वांगापेक्षा जास्त.

१३ मार्च
ट्यूब काढली. बोटावर घेतली. गाल इतका जळत होता की नुसतं बघून बरं वाटलं. तेवढ्यात आईने हाक मारली, सिलिंडर लावून दे. बोट टॉवेलला पुसलं नि गेलो. सिलिंडर लावला, रेग्युलेटर बसेना, शेजारच्या काकांना बोलवलं, काकांनी निवडणुकीचा विषय काढला. मग परत घ्यायचं राहूनच गेलं.
फार विचार करून नाही लावली असं म्हणायला बरं वाटलं असतं. खरं हे असं.

१६ मार्च, रविवार
गेलो. लाल तोंड, इस्त्रीचा शर्ट. टोपी घालून गेलो तर सा.ने दारातच काढून घेतली, म्हणाली चोरासारखा दिसतोस. माझ्याकडे बघितलं आणि कळलं तिला, नाही लावलेली.  पाणी आणून दिलं, पेला जरा जोरात ठेवला.
नाना माझ्या तोंडाकडे बघून म्हणाले,
"आज पन घेऊन आलास?"
माझं डोकं फिरलं. आवाज चढला असणार, कारण सा.ची आई आतून बाहेर आली. म्हटलं, नाना, मी पीत नाही, कधी प्यायलो नाही, वांगाचा लिव्हरशी काही संबंध नाही. हे लाल आहे ते ट्यूबमुळे. मेडिकलवाल्याने दिली, मी गाढवासारखी वर्षभर लावली, कातडी पातळ झाली, आता डॉक्टरबाईंनी सोडायला लावली म्हणून पेटलीय. लावून आलो असतो तर आज लाल दिसलो नसतो. आणि वांग जाणार नाही पूर्ण, हेही आत्ताच सांगतो. फिका होईल, ऊन लागलं की परत येईल. असंच तोंड असणार.
बोललो आणि वाटलं, झालं. गेलं. सा. खाली बघत होती.
नाना उठले. "गच्चीवर चल. टाकी दाखवतो."
माझा टाकीशी काय संबंध? पण गेलो. वर जाऊन नानांनी दाराला कडी लावली. मला वाटलं मारतात.
"ट्यूब लावली की बरा वाटतो, सोडली की दुप्पट. आसाच ना?"
"हो."
नानांनी शर्ट वर केला. कमरेभोवती, पोटावर, पाठीपर्यंत गजकर्ण. मोठाली वर्तुळं, कडेला लाल, खाजवून खाजवून सोललेली. खिशातून ट्यूब काढली. माझी नाही, दुसऱ्या कंपनीची, पण मागची बारीक अक्षरं वाचली तर आत तेच, बाईंनी सांगितलेलं स्टेरॉइड.
"दोन वरसं लावतंय. जातच नाय. घरात कोनाला म्हाईत नाय. खोलीत वेगला झोपतंय मी." मग शर्ट खाली. "ती डॉक्टरीनबाई बाप्यांना बघते?"
"मला बघितलं की."
"मना ने. सायलीला सांगू नको."
खाली आल्यावर सगळे आमच्या तोंडाकडे. नाना म्हणाले, टाकी गळते. लग्नाच्या बोलण्याचं नावच नाही. सा.ने दारात विचारलं, काय झालं वर? म्हटलं, टाकी. तिने दार आपटलं.

१८ मार्च
सा. बोलत नाही. मी सांगू शकत नाही. एकाच घरातली दोन माणसं, दोघांनी माझं तोंड बंद केलंय, एकाने सांगून, एकीने न बोलून.
तोंड अजून लाल, पण सकाळी पाणी कमी झोंबलं. की मला वाटतंय तसं.

२० मार्च
नानांना बाइकवर मागे बसवून ओपीडीत नेलं. सिग्नलला म्हणाले, "हळू." रांगेत तोंडाला रुमाल बांधून बसले, ओळखीचं कोणी भेटू नये म्हणून. मी सनस्क्रीन काढून दुसऱ्यांदा लावली. नाना बघत होते.
"रोज लावायची?"
"रोज. दिवसातनं तीनदा तरी."
"आन दारू?"
"नाना!"
रुमालाआड हसले की खोकले, कळलं नाही. म्हटलं आत्ताच विचारावं, सायलीचं काय. तोंड उघडलं तेवढ्यात शेजारच्या बाई नानांकडे वाकल्या. "मुलगा का तुमचा? चांगला आहे, घेऊन आला तुम्हाला. की जावई?"
नानांनी माझ्याकडे बघितलं. लाल गाल, वर मातकट लेप, मधे वांग. 
मग बाईंना म्हणाले, "तुमचा नंबर कंचा हाय, बाई?"