नाताळ चुकवायला गेलो

अदिस अबाबा,
७ जानेवारी

ती. एफुआताईंना,

एबोचा दोन्ही गुडघे टेकून नमस्कार (डावा हल्ली टेकत नाही, भाव तेवढा समजून घ्यावा). आपला दमा कसा आहे? केप कोस्टात आता कोरड्या वाऱ्याची धूळ सुटली असेल, तेव्हा सकाळी चर्चला जाताना नाकाला फडकं लावत जा. महिला मंडळातल्या सगळ्यांना माझा नमस्कार सांगा. ज्या मला अजून नावं ठेवत असतील त्यांना आधी सांगा.

तुम्ही रागावला आहात आणि ते बरोबरच आहे. तुमच्या बहिणीला, माझ्या अराबाला, जाऊन वर्ष भरलं, रीतीप्रमाणे तिच्या कापडांची ट्रंक उघडायला सत्तावीस तारखेला तिची माहेरची माणसं जमली, आणि नवरा ट्रंकेची किल्ली खिशात टाकून परदेशी पळालेला. वर नाताळच्या सकाळी चर्चच्या ऑर्गनवर कोणी नाही. पण ताई, एकतीस वर्षं मी तो ऑर्गन वाजवला तो अराबा तिसऱ्या बाकावर बसायची म्हणून. मी रेंगाळलो की ती हातातला पंखा बाकावर आपटायची, आणि मंडळींना वाटायचं, बाईला उकडतंय. दर नाताळला ट्रंकेतलं ठेवणीचं कापड नेसून यायची. यंदा तो बाक रिकामा बघत वाजवायची माझी छाती झाली नाही. कुठेतरी वाचलं होतं की इथिओपियात पंचवीस डिसेंबरला नाताळ नसतो. लगेच तिकीट काढलं. (त्याच्या खालची ओळ वाचायला हवी होती.)

माझ्या घरमालकीणबाई यशीमबेत, माझ्यासारख्याच एकट्या. पंचवीस तारखेला रस्त्यावर सगळे मुकाट कामाला चाललेले पाहून मला हायसं वाटलं. पण पोट केप कोस्टातच राहिलं होतं, त्यामुळे दुपारी मी हळूच कोंबडीचा विषय काढला. म्हटलं, आज येशूचा जन्म झाला ना. बाई म्हणाल्या, "तुमचा झाला असेल. आमचा अजून पोटात आहे, तेरा दिवस अवकाश आहे. बाळंतीण मोकळी व्हायच्या आधी कोणी कोंबडी कापतं होय?" तोवर मांस नाही, अंडं नाही, दुधाचा थेंब नाही. आंबट भाकरीवर हरभऱ्याच्या पिठाचं कालवण वाढलं आणि मला न वाचलेली ओळ कळली. ज्या सणाला चुकवून आलो तो इथे आरामात मागून येत होता.

सत्तावीसला मी खोलीतून बाहेर आलो नाही. बाईंनी दार वाजवून कारण विचारलं आणि ऐकल्यावर शाल घेऊन थेट चर्चला निघाल्या, मला मागे घेऊन. तिथे बूट बाहेर काढायचे (माझ्या मोज्याला भोक होतं, अराबाने असं कधी बाहेर जाऊ दिलं नसतं), बायका एका अंगाला, पुरुष दुसऱ्या अंगाला, आणि बसायचं नाव नाही, उंच काठीवर रेलून तासन् तास उभं राहायचं. बाईंनी पाद्रीबाबांना सांगितलं, याच्या बायकोचं नाव आजच्या मृतांच्या प्रार्थनेत घ्या. मी गडबडलो. मेलेल्यांसाठी प्रार्थना करणं म्हणजे सुटलेल्या गाडीला हात दाखवणं, हे तुमचंच वाक्य, आणि रविवारच्या शाळेत ते मी वीस वर्षं पोरांना शिकवलंय. बाबांनी तिचं बाप्तिस्म्याचं नाव विचारलं. डॉर्कस, म्हटलं. मग विचारलं, कुठल्या चर्चची? मेथडिस्ट, म्हटल्यावर बाबा विचारात पडले. यशीमबेतबाई म्हणाल्या, "बाई वारली आहे, बाबा. आता तिला कुठलं चर्च विचारता?"

बाबांनी नाव घेतलं. माझ्या जिभेवर न बसणाऱ्या दहा-पंधरा नावांच्या मध्ये डॉर्कस. वर्षभर घरात तिचं नाव कोणी मोठ्याने घेतलं नव्हतं, मला वाईट वाटेल म्हणून. ताई, मी हुंदके देऊन रडलो, आणि मला फार बरं वाटलं. आपल्या पाद्र्यांना यातलं काही कळू देऊ नका.

आज इथला नाताळ. पहाटेपासून चर्चमध्ये मोठा ढोल वाजत होता, आणि माझ्या मते जरा रेंगाळत होता. घरी बाईंनी अखेर कोंबडी केली, इतकी तिखट की डोळ्यांतलं पाणी कशाचं ते कोणी विचारलं नाही. मी पंधरा दिवसांनी येतो.

आपला अपराधी,
एबो

ता. क. आपल्या गावच्या एका व्यापारी बाईंबरोबर हे पत्र आणि किल्ली पाठवतो आहे. ट्रंक उघडा, कापडं वाटून टाका. माझी हरकत नाही.

ता. क. २. आत अकराच निघतील. बारावं, निळ्या पक्ष्यांचं, माझ्यापाशी आहे. चर्चमध्ये सगळे पांढऱ्या शाली पांघरून होते, मी ते पांघरून उभा होतो. तुम्हाला बाराही तोंडपाठ आहेत हे मला ठाऊक आहे. पण माहेरच्यांनी विचारलं तर अकराच होती म्हणा. तुम्ही जन्मात खोटं बोलला नाहीत, तेव्हा कोणी पुन्हा मोजणार नाही.